न पुसली जाणारी वही आणि दवाखान्याचे बिल

एखादा धर्मादाय न्यास पुष्कळ वर्षे टिकतो तो कशाच्या बळावर, असे कोणी विचारले तर दात्यांच्या औदार्याचे नाव प्रथम निघेल, आणि ते योग्यच आहे. परंतु औदार्याच्या जोडीला आणखी एका गोष्टीचे बळ लागते. ती गोष्ट म्हणजे हिशेबाची वही. दात्याने दिलेला रुपया ही अमानत असते. तो रुपया कोणाकडून आला, कोणाला गेला आणि कशासाठी गेला, हे ज्या वहीत स्वच्छ वाचता येते तिच्यावर लोकांचा विश्वास बसतो. आणि विश्वास बसला की दुसरा रुपया मागावा लागत नाही. न्यासाच्या महोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत वहीविषयीच चार शब्द लिहावे, असे आम्ही म्हणूनच योजिले आहे.

न्यासांकडे मदतीसाठी येणाऱ्या अर्जांत शाळेची फी आणि आजारपण ही दोन कारणे नेहमीची. फीचा हिशेब सोपा असतो. शाळेची एक पावती पाहिली की काम झाले. आजारपणाचे तसे नाही. दवाखान्याचे बिल अनेक हातांतून फिरते आणि प्रत्येक हाताची वही निराळी असते. या गुंत्यावर ‘ब्लॉकचेन’ नावाचा एक नवा उपाय निघाला आहे, असे अलीकडे वारंवार कानी पडते. कित्येकांच्या मते तो बिटकॉइनच्या सट्ट्याचाच एक प्रकार आहे. कित्येकांना ती सर्व रोगांवरील रामबाण मात्रा वाटते. आमच्या मते ही दोन्ही मते घाईची आहेत. ही वस्तू मुळात काय आहे आणि दवाखान्याच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग किती, हे सभासद बंधुभगिनींना सोप्या भाषेत सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

बिलाचा प्रवास

प्रथम बिलाचा प्रवास पाहू. समजा, तारिहाळच्या एका गृहस्थाने कुटुंबाचा आरोग्यविमा उतरविला आहे. त्याच्या आईला पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी हुबळीच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात दाखल केले. दवाखाना विम्याचे कार्ड पाहतो आणि खर्चाचा अंदाज मंजुरीसाठी पाठवितो. हा कागद बहुधा सरळ विमा कंपनीकडे न जाता एका मध्यस्थ कचेरीकडे जातो. तिला टी.पी.ए. म्हणतात आणि तिचे नियम आपल्या देशात २००१ साली झाले. कचेरी काही रक्कम मंजूर करते. शस्त्रक्रिया होते, रुग्ण बरी होते, डॉक्टर डिस्चार्ज लिहून देतात. आता शेवटचे बिल पुन्हा त्याच वाटेने जाते. तेथून विचारणा येते : केसपेपरची प्रत कोठे आहे? अमुक तपासणीचा अहवाल जोडलेला नाही. अमुक औषधाचा दर जास्त दिसतो. विचारणेचे उत्तर जाईपर्यंत दुपारची संध्याकाळ होते. आई बरी होऊन पलंगावर बसलेली असते, मुलगा खिडकीपाशी ताटकळत असतो, आणि आणखी एक दिवसाचे खोलीभाडे चढेल की काय या चिंतेने सून घरी फोन करीत असते.

पुढे जी रक्कम विम्यात बसत नाही तिच्यासाठी हा गृहस्थ न्यासाकडे येतो. न्यास मूळ बिल मागतो. पण मूळ कागद विमा कंपनीकडे गेलेले असतात, म्हणून तो झेरॉक्स दाखवितो. एका न्यासाच्या मदतीने भागत नाही म्हणून तीच झेरॉक्स तो दुसऱ्या न्यासाकडेही नेतो. यात त्याचा काही दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. गरज मोठी आणि प्रत्येक ओंजळ लहान. परंतु पहिल्या न्यासाने किती दिले हे दुसऱ्यास कळण्याची सोय नसते. त्यामुळे कोणाला गरजेपेक्षा अधिक मिळते, आणि ज्याला दोन दारे माहीत नसतात असा एखादा गरीब रिकाम्या हाताने परततो. आमच्या मते हिशेबाच्या प्रश्नात खरा माणूस अडकलेला आहे तो येथे.

हा गुंता कमी करण्याचे प्रयत्न आपल्या भागात नवीन नाहीत. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. आपल्या कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ योजना १ जून २००३ पासून सुरू झाली. प्रारंभी सभासदाकडून महिन्याला ५ रुपये, एवढीच तिची वर्गणी होती, आणि कोणत्या शस्त्रक्रियेला दवाखान्यास किती पैसे मिळतील ते आधीच ठरलेले होते. ती २०१८ साली ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत विलीन झाली आणि २०२३ च्या आरंभी पुन्हा स्वतंत्रपणे चालू करण्यात आली. ‘आरोग्य कर्नाटक’ची जोड ३० ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी घालण्यात आली आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. शेजारच्या महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत जी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. या सर्व योजनांनी दर आधी ठरवून घासाघीस पुष्कळ कमी केली. परंतु दवाखान्याची एक, सरकारी न्यासाची दुसरी, विमा कंपनीची तिसरी, बँकेची चौथी, अशा वह्यांची संख्या मात्र घटली नाही.

साखळी म्हणजे काय

आता ब्लॉकचेनकडे वळू. या शब्दाचा सरळ अर्थ ‘ठोकळ्यांची साखळी’. आपण तिला पानांची साखळी म्हणू. जुन्या पेढीवरील कीर्द ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा निम्मा अर्थ आधीच ठाऊक आहे. चांगल्या कीर्दीची पाने क्रमांकाची असत. पान फाडता येत नसे, आकडा खोडता येत नसे. चूक झालीच तर पुढे उलट नोंद करून ती दुरुस्त करावयाची. ब्लॉकचेनमध्ये हीच शिस्त गणिताने बांधलेली आहे.

आठवीच्या वर्गात हे समजावून देताना आम्ही फळ्यावर एक साधा हिशेब मांडतो. बिलाची तीन पाने धरा. पहिल्या पानावर तपासण्यांचे ४,१२० रुपये आहेत. त्यांना ७ ने गुणले की २८,८४० येतात. त्यांतील शेवटचे तीन आकडे, म्हणजे ८४०, ही त्या पानाची मोहोर. दुसऱ्या पानावर शस्त्रक्रियेचे १८,५०० रुपये. त्यांत मागील पानाची मोहोर ८४० मिळवून १९,३४० झाले. ७ ने गुणून १,३५,३८०. म्हणून मोहोर ३८०. तिसऱ्या पानावर औषधांचे २,३६५. त्यांत ३८० मिळवून २,७४५, गुणून १९,२१५, मोहोर २१५. अशी प्रत्येक पानाची मोहोर मागील पानाच्या मोहोरेवर अवलंबून राहते, म्हणून तिला साखळी म्हणावयाचे.

आता कोणी गुपचूप दुसऱ्या पानावरील १८,५०० चे १८,९०० केले असे समजा. १८,९०० आणि ८४० मिळून १९,७४०. ७ ने गुणून १,३८,१८०. म्हणजे मोहोर ३८० च्या ऐवजी १८० झाली. तिसऱ्या पानावर कोणी हातही लावला नाही, तरी त्याची मोहोर २१५ ची ८१५ होते. ज्याने आदल्या दिवशी फक्त शेवटची मोहोर २१५ आपल्या वहीत टिपून ठेवली असेल, त्याला संपूर्ण बिल न वाचताही मागे कोठेतरी फेरफार झाला आहे हे कळते.

वर्गात एखादा चलाख विद्यार्थी येथे हात वर करतो. तो म्हणतो, “सर, १८,५०० चे १९,५०० केले तर?” करून पाहावे : १९,५०० आणि ८४० मिळून २०,३४०, ७ ने गुणून १,४२,३८०, मोहोर पुन्हा ३८०! चोरी पकडली गेली नाही. आमची मोहोर तीनच आकड्यांची आणि नियम अगदी साधा, म्हणून ती फसली. खऱ्या साखळीत ही मोहोर काढण्याचे नियम फार कसून केलेले असतात. त्या मोहोरेला ‘हॅश’ म्हणतात. ‘शा-२५६’ या प्रसिद्ध रीतीने निघणाऱ्या मोहोरांची शक्य संख्या मांडावयाची तर अठ्ठ्याहत्तर आकडे लिहावे लागतील. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी मोहोर पालटते, आणि तीच मोहोर येईल असा दुसरा मजकूर शोधून काढणे आजच्या यंत्रांच्या आवाक्यात नाही.

एवढ्याने मात्र भागत नाही. वही एकाच्याच कपाटात असेल तर तो सर्वच पाने नव्याने लिहून सर्व मोहोरा नव्याने काढील. म्हणून साखळीची दुसरी अट अशी की तिच्या प्रती अनेकांकडे असाव्यात आणि नवे पान सर्वांच्या ठरलेल्या संमतीनेच जोडले जावे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी १९९१ साली कागदपत्रांवर काळाची मोहोर अशा साखळीने उमटविण्याची रीत प्रसिद्ध केली. १९९५ पासून त्यांच्या पद्धतीतील मोहोर न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध वर्तमानपत्रात छापली जाऊ लागली. छापून घरोघर गेलेले वर्तमानपत्र कोण गोळा करून बदलणार? पुढे २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या साखळीचे पहिले पान तयार झाले. बिटकॉइन हा या वहीचा एक उपयोग; वही म्हणजे बिटकॉइन नव्हे. दवाखान्यांच्या कामी जी साखळी सुचविली जाते तिच्यात कोणीही येऊन लिहू शकत नाही. ठरलेले दवाखाने, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या एवढ्यांनाच तिच्यात परवाना असतो.

बिलाच्या कामी तिचा उपयोग

वरच्या उदाहरणातील आईचे बिल अशा सामाईक वहीत असते तर काय झाले असते, ते पाहू. दाखल होतानाची मंजुरी, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे यांची प्रत्येक नोंद झाल्या वेळीच वहीत चढली असती आणि दवाखाना, मध्यस्थ कचेरी व विमा कंपनी यांना एकाच वेळी दिसली असती. डिस्चार्जच्या दिवशी कागद जुळविण्याचे काम पुष्कळसे आधीच उरकलेले असते. शिवाय ठरलेल्या अटी पूर्ण होताच पैसे आपोआप चुकते व्हावेत, असा करारही या वहीत लिहून ठेवता येतो. त्याला ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. शस्त्रक्रियेचा दर ठरलेला, मंजुरी झालेली आणि डॉक्टरांची सही झालेली, एवढे जुळले की हुकूम सुटतो. एकाच बिलावर दोनदा पैसे मागितले गेले तर दुसरी मागणी तेथेच अडते. न्यासालाही या वहीत जागा दिली, तर बिलापैकी विम्याने किती दिले, पहिल्या न्यासाने किती दिले आणि खरोखर उरले किती, हे एका दृष्टिक्षेपात समजेल. मदत मागणाऱ्याला दारोदार आपल्या गरिबीची कथा सांगावी लागणार नाही, हा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

अनुभव काय सांगतो

हे चित्र मोहक खरे. पण प्रत्यक्षात काय घडले आहे तेही पाहिले पाहिजे. युरोपातील एस्टोनिया हे सुमारे १३ लाख वस्तीचे चिमुकले राष्ट्र. २००७ साली त्याच्या संगणकांवर परदेशातून मोठा हल्ला झाला. त्यानंतर त्याने सरकारी दफ्तरांना साखळीच्या मोहोरांचे संरक्षण देण्यास आरंभ केला आणि २०१६ साली दहा लाखांवर नागरिकांच्या आरोग्यनोंदींना असे संरक्षण देण्याचे काम हाती घेतले. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की रोग्यांचे कागद साखळीत ठेवलेले नाहीत. ते आपल्या जागी आहेत, आणि साखळीत केवळ त्यांच्या मोहोरा आहेत. कोणी कागद बदलला तर मोहोर ओरडून सांगते, एवढेच तिचे काम.

अमेरिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे दवाखान्यांची बिले विमा कंपन्यांकडे पोचविणाऱ्या ‘चेंज हेल्थकेअर’ या मोठ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये दाव्यांचा मागोवा ठेवणारी साखळी सुरू केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी काही मोठ्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन डॉक्टरांचे पत्ते व नोंदी सामाईक साखळीत ठेवण्याचा निराळा प्रयोग आरंभिला. सर्वांना एकच यादी लागते आणि प्रत्येक जण ती वेगळी जुळवीत बसतो, हा खर्च वाचविणे हा त्याचा उद्देश होता. परंतु २१ फेब्रुवारी २०२४ रोजी याच ‘चेंज हेल्थकेअर’च्या संगणकांवर चोरांनी ताबा मिळविला. देशभरची बिले अडली, औषधांच्या दुकानांत रोगी खोळंबले, लहान दवाखान्यांना पगार देणे कठीण झाले. २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी द्यावी लागली आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती धोक्यात आली. चोर आत कसे शिरले? एका प्रवेशद्वाराला दुसरे कुलूप, म्हणजे परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी खातरजमा, लावलेलीच नव्हती. वही कितीही पक्की असली तरी खोलीचे दार उघडे ठेवून चालत नाही, हा यातील धडा होय.

आपल्या देशात नीती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये या विषयावर धोरणपत्र काढले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘विश्वस्य’ नावाची राष्ट्रीय साखळीव्यवस्था सुरू केली. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली सुमारे ६५,००० जातीचे दाखले साखळीवर नोंदविण्याचे काम योजिले गेले. दाखला खरा की खोटा हे कोणालाही ताबडतोब पडताळता यावे, हा त्यामागील हेतू. दाखला आणि बिल यांत अंतर आहे. दाखला एकदाच निघतो. बिल मात्र रोज वाढते.

दवाखान्याच्या पैशांबाबत मात्र आपल्या देशाने तूर्त निराळी वाट धरली आहे. २ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेली ‘ई-रुपी’ ही एका व्यक्तीसाठी आणि एकाच कामासाठी दिलेली मोबाइलवरील हुंडी आहे. ती लसीसाठी दिली असेल तर लसीसाठीच वटते. तसेच राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने दाव्यांच्या देवघेवीसाठी एक सामाईक केंद्र उभारले आहे. जून २०२३ मध्ये विमा नियामकाने सर्व विमा कंपन्यांना त्यात सामील होण्याची सूचना केली. या दोन्ही गोष्टी ब्लॉकचेन नव्हेत. दुसरी तर पोस्टासारखी आहे : सर्व दवाखान्यांनी एकाच नमुन्याच्या पाकिटात बिल घालावे आणि ते बिनचूक पत्त्यावर पोचावे. निरनिराळ्या नमुन्यांचे कागद हेच विलंबाचे मोठे कारण असल्यामुळे साखळी नसतानाही या सुधारणेने पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

त्याहून सरळ उपाय नियमाचा. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यावयाचा आहे, आणि डिस्चार्जच्या वेळी दवाखान्याची अंतिम विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत मंजुरी कळवावयाची आहे. त्याहून उशीर झाला आणि दवाखान्याने त्यापायी जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने सोसावयाचा आहे, रुग्णाने नव्हे. हा नियम विमा कंपन्यांच्या पॉलिसीला लागू आहे. खिडकीपाशी ताटकळणाऱ्या मुलाला ही एक ओळ ठाऊक असणे कोणत्याही यंत्राइतकेच उपयोगी आहे.

वहीला काय जमत नाही

आता या वहीच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. साखळी लिहिलेले पुसू देत नाही. परंतु जे लिहिले ते खरे होते की नाही, हे तिला कळत नाही. न झालेली तपासणी कोणी नोंदविली तर ती खोटी नोंद तितक्याच निष्ठेने जपली जाईल. आयुष्मान योजनेच्या कारभारावर देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थींच्या नावांपुढे एकच मोबाइल क्रमांक आढळला. तो क्रमांक म्हणजे दहा वेळा लिहिलेला नऊचा आकडा! पात्रता मोबाइल क्रमांकावर ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला, आणि तो खराच आहे. पण नोंद करणाऱ्याने रकाना भरायचा म्हणून भरला, हे त्यावरून दिसतेच. मृत म्हणून दाखविलेल्या रुग्णांच्या नावे पुढेही उपचार झाल्याच्या नोंदी त्या अहवालाने निदर्शनास आणल्या. असल्या नोंदी साखळीत गेल्या असत्या तर त्या पुसता येणार नाहीत अशा झाल्या असत्या, एवढाच फरक. खाटेपाशी उभी राहणारी परिचारिका, केसपेपर लिहिणारा डॉक्टर आणि खिडकीवरील कारकून यांच्या लेखणीची सचोटी कोणत्याही गणिताने विकत मिळत नाही.

दुसरी मर्यादा अब्रूची. आजारपण ही माणसाची खाजगी बाब आहे. क्षय, मानसिक आजार, बाळंतपणातील अडचण यांची नोंद अनेकांच्या प्रती असलेल्या आणि कधीच न पुसल्या जाणाऱ्या वहीत गेली, तर मुलीच्या लग्नापासून मुलाच्या नोकरीपर्यंत तिची सावली पडू शकते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करवून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क नागरिकाला मानला आहे. न पुसणारी वही आणि पुसून घेण्याचा हक्क यांचा मेळ बसवावयाचा तर एस्टोनियाप्रमाणे कागद बाहेर आणि मोहोर तेवढी आत, हाच मार्ग सुरक्षित होय.

तिसरी मर्यादा व्यवहाराची. सामाईक वही तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा सर्व जण तिच्यात लिहितात. मोठ्या दवाखान्याने लिहिले आणि गल्लीतील औषधाच्या दुकानाने कच्ची चिठ्ठीच दिली, तर साखळीचा दुवा तेथेच तुटतो. आणि ज्या ठिकाणी सर्वांचा एका कचेरीवर भरवसा आहे, तेथे त्या कचेरीची साधी, नीट राखलेली वही स्वस्त आणि जलद पडते. परस्परांवर विश्वास नसलेल्या अनेकांना एकच हिशेब ठेवावयाचा असतो, तेथेच साखळीचे मोल आहे.

आज आपल्याला काय करता येईल

एवंच, लहान न्यासाने ब्लॉकचेन विकत घेण्यास धावू नये. परंतु तिच्यामागील शिस्त आजच उचलावी, असे आमचे सांगणे आहे. तिला यंत्र लागत नाही.

पहिली गोष्ट, न्यासाने मदतीचे पैसे शक्यतो दवाखान्याच्या नावे चेकने किंवा बँकेतून द्यावे आणि दवाखान्याची पावती आपल्या दफ्तरी लावावी. दुसरी, मदत मंजूर होताच बिलाच्या पाठीवर न्यासाचे नाव, रक्कम व तारीख लिहून शिक्का मारावा. जुन्या विश्वस्तांची ही रीत म्हणजे कागदावरील साखळीच आहे. पुढच्या न्यासाला मागची नोंद वाचल्यावाचून पुढची करताच येत नाही. मूळ बिल विमा कंपनीकडे गेले असेल तर कंपनीचा हिशेबाचा कागद मागावा आणि त्यावर शिक्का मारावा. तिसरी, हुबळी-धारवाड परिसरात वैद्यकीय मदत देणाऱ्या न्यासांनी आपसांत एक सामाईक यादी ठेवावी. तिच्यात दवाखान्याचे नाव, बिलाचा क्रमांक आणि दिलेली रक्कम एवढेच असावे. रोगाचे नाव कदापि नसावे. चौथी, कीर्दीतील चुकीचा आकडा खोडू नये. उलट नोंद करून कारण लिहावे.

कुटुंबांनीही चार गोष्टी पाळाव्या. दाखल होतानाच कॅशलेसच्या मंजुरीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवावी. डिस्चार्जच्या वेळी गोळाबेरजेचे नव्हे, तर बाबवार बिल मागावे आणि सही करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलाकडून ते वाचून घ्यावे. मूळ कागद देण्यापूर्वी सर्वांची प्रत काढावी. विमा कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क पडत नाही. आयुष्मान योजनेच्या चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

ही साखळी उद्या आपल्या दवाखान्यांत येईल किंवा दुसरी एखादी सुधारणा तिची जागा घेईल. कोणतीही आली तरी पहिली नोंद माणसालाच करावी लागणार आहे. आमच्या शाळेतील मुले उद्या त्या खिडक्यांवर कारकून, परिचारिका आणि डॉक्टर म्हणून बसतील. त्यांच्या हाती नवे यंत्र देताना खरे लिहिण्याची जुनी सवयही द्यावी, हे घराचे आणि शाळेचे मिळून काम आहे.

न्यासाच्या ज्या विश्वस्तांनी, कारकुनांनी आणि हिशेबतपासनीसांनी इतकी वर्षे रुपयारुपयाची नोंद राखली, त्यांची नावे या स्मरणिकेत असोत वा नसोत, वहीच्या प्रत्येक पानावर त्यांचे श्रम आहेत. त्यांना आमचे आदराचे वंदन. न्यासाची सेवा उत्तरोत्तर वाढो आणि त्याच्या दारी आलेला कोणीही आजारी माणूस केवळ कागद जुळला नाही म्हणून परत न जावो, हीच आमची शुभेच्छा.